खेड्यात नव्याने वस्तीस येणाऱ्याने कोणाकडे जावे?

मराठी मुलखातल्या खेड्यांना बाहेरून वस्तीस येणारा मनुष्य कधीच अपरिचित नव्हता. पेशवाईच्या अस्तानंतर, इ. स. १८१९ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या प्रदेशाविषयी जो अहवाल सरकारास सादर केला, त्यात गावातील शेतकऱ्यांचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग नोंदलेले आहेत. मिरासदार हा वंशपरंपरेने जमिनीचा व गावकीतील मानाचा धनी, तर उपरी हा परगावाहून येऊन कौलाने जमीन कसणारा आणि गावकीच्या निर्णयांत शब्द नसलेला. त्यानंतर दोन शतके लोटली, मिरास गेली, वतने गेली, आणि देशात कोठेही जाऊन स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेने प्रत्येक नागरिकास दिला. तरी खेड्यात नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्यास पहिल्या पंधरवड्यात जे प्रश्न पडतात, म्हणजे नळाला पाणी किती वाजता येते, वीज गेली तर कोणास सांगावे, रात्री लेकरू तापाने फणफणले तर कोठे न्यावे, घराच्या कागदावर नाव कोठे चढते, त्यांची उत्तरे त्याला लेखी स्वरूपात बहुधा कोठेच मिळत नाहीत. उत्तरे गावात असतात, परंतु ती माणसांच्या तोंडी असतात, आणि ज्याची गावात कोणाशी ओळख नाही त्याच्यापर्यंत ती सर्वांत शेवटी पोचतात. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्या प्रत्येकीच्या हद्दीत दरवर्षी कोणी ना कोणी नव्याने राहावयास येते. तेव्हा हा प्रश्न थोड्यांचा किंवा क्षुल्लक म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

नवा रहिवासी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो मुंबई-पुण्याची नोकरी संपवून निवृत्तिवेतनासह कोकणातल्या किंवा मावळातल्या गावी घर बांधणारा गृहस्थ. तो खराच नवा रहिवासी आहे, पण त्याच्याजवळ दूरध्वनी आहे, वाहन आहे, अर्ज लिहिण्याची सवय आहे, आणि बहुधा गावात त्याचे एखादे भाऊबंदही आहेत. त्याच्याहून कितीतरी मोठा असा नवागतांचा एक वर्ग प्रत्येक गावात प्रत्येक लग्नसराईत येतो आणि तो इतका नित्याचा झाला आहे की त्याला कोणी नवागत म्हणून मोजतही नाही. तो वर्ग म्हणजे सुनांचा. भारतातील स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हेच आहे, हे जनगणनेने वारंवार दाखविले आहे. माहेरच्या गावी जिला आशाताई कोण, दवाखाना कोठे, गाडी किती वाजता हे सारे ठाऊक होते, ती मुलगी एका दिवसात अशा गावी येते की जेथे तिला प्रत्येक गोष्ट सासरच्या माणसांना विचारल्यावाचून कळत नाही. आणि जी गोष्ट सासरच्या माणसांना विचारता येत नाही ती तिला कळतच नाही. तिच्या पाठोपाठ येतात बदलीवर आलेले शिक्षक व परिचारिका, सालगडी म्हणून ठेवलेली कुटुंबे, वीटभट्टीवरची बिऱ्हाडे, गाळपाच्या हंगामात बीड-जालन्याकडून पश्चिम महाराष्ट्रात उतरणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्या. कोयनेच्या धरणाने ज्यांची घरे पाण्याखाली गेली, अथवा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने ज्यांचे गावच उरले नाही, त्यांच्यावर तर संपूर्ण गावानेच नवे रहिवासी होण्याची वेळ आली. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला, आणि पुनर्वसित गावठाणात पाणी, रस्ता, शाळा, स्मशान अशा नागरी सुविधा देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. पण सुविधा उभी करणे आणि ती कोणाच्या हाती आहे हे रहिवाशाला कळविणे, ही दोन कामे भिन्न आहेत, आणि दुसरे काम कोणत्याही कायद्याने कोणाच्या अंगावर नेमकेपणाने टाकलेले दिसत नाही.

पूर्वी हे काम कोण करीत असे, याचा विचार केल्यावाचून आजच्या उणिवेचे स्वरूप समजत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात पाटील-कुळकर्ण्यांपासून अलुत्या-बलुत्यांपर्यंत गावच्या सेवेकऱ्यांची जी मांडणी केली आहे, ती पाहिली म्हणजे ध्यानात येते की त्या व्यवस्थेत सेवा आणि सेवक यांचा पत्ता विचारण्याची गरजच नव्हती. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे वंशपरंपरेने ठरलेले, त्यांचे घर ठरलेले, त्यांचा मोबदला खळ्यावर ठरलेला. परगावाहून आलेल्या माणसाला वेशीवर प्रथम भेटे तो महार वेसकर. कोण आला, कोठून आला, कोणाकडे उतरला हे त्याला ठाऊक. गावची शीव कोठून कोठे जाते हे त्याला ठाऊक. सरकारी टपाल आणि सांगावे पुढल्या गावी तोच नेई आणि वाटसरूला वाटही तोच दाखवी. गावाविषयीचे सर्वांत पूर्ण ज्ञान ज्याच्यापाशी होते त्यालाच गावाने वेशीबाहेर ठेवले होते, आणि त्याच्याकडून अहोरात्र घेतलेल्या सेवेचा मोबदला वतनाच्या नावाखाली इतका तुटपुंजा दिला जात होता, की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्या वतनपद्धतीविरुद्ध विधेयक आणले. पुढे कुलकर्णी वतने गेली, कनिष्ठ वतने गेली, १ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पदही गेले. हे सर्व जाणे न्याय्य होते, आणि त्याविषयी खेद करण्याचे यत्किंचितही कारण नाही. मात्र त्या माणसांबरोबर गावाविषयीचे जे ज्ञान एका ठिकाणी साठलेले होते तेही विखुरले, आणि त्याच्या जागी दुसरी काही योजना करावयास हवी, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले नाही.

आज गावात जे सेवक काम करतात त्यांची संख्या पूर्वीपेक्षा उणी नाही. अडचण अशी की ते एकाच गावात वावरत असूनही निरनिराळ्या कचेऱ्यांचे बांधलेले आहेत. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर, तलाठी महसूल खात्याचा; वायरमन महावितरणचा, शिक्षक पुन्हा जिल्हा परिषदेचे; अंगणवाडी सेविका महिला व बालविकास खात्याच्या, आशाताई आरोग्य खात्याच्या मानधनावर; रेशन दुकानदार पुरवठा खात्याचा परवानाधारक, पोलीस पाटील प्रांतांच्या नेमणुकीचा, डाकपाल केंद्र सरकारचा, आणि एसटीचा चालक एका महामंडळाचा. यांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या कामाची पूर्ण माहिती असण्याचे बंधन नाही. म्हणून नवा माणूस एका दारातून दुसऱ्या दारी जात राहतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला खरेच उत्तर मिळते की हे काम आमच्याकडचे नव्हे.

त्यातही सर्वाधिक घोटाळा होतो तो ग्रामपंचायत आणि तलाठी यांच्या कामांत. म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. ग्रामपंचायत १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली चालते, आणि तिचा सचिव म्हणजे ग्रामसेवक, ज्याचे पदनाम अलीकडे ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, गटारे, जन्म-मृत्यूची व विवाहाची नोंद ही त्याची कामे. जन्म किंवा मृत्यू घडल्यापासून २१ दिवसांच्या आत त्याच्याकडे कळविला तर पुढची पुष्कळ धावपळ वाचते. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो जमिनीचे दप्तर सांभाळतो: सातबारा, आठ-अ, फेरफार, पीकपाहणी. गावठाणातील घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये होते, तर शेतजमिनीच्या खात्याचा उतारा तलाठ्याच्या आठ-अ वर असतो. दोन्हींत ‘आठ’ हा आकडा असल्यामुळे घर विकत घेतलेली माणसे तलाठ्याच्या चावडीत आणि शेत घेतलेली माणसे ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तिष्ठत बसलेली दिसतात. जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले म्हणजे काम संपले असे समजणारेही अनेक असतात. खरेदीखतानंतर तलाठी फेरफाराची नोंद धरतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी, ज्याला गावात सर्कल म्हणतात, तो नोंद प्रमाणित करतो. तोवर सातबाऱ्यावर नवे नाव लागत नाही. आणखी एक गोष्ट शहरातून येणाऱ्याने जमिनीचा इसार देण्यापूर्वीच समजून घ्यावी: १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ अन्वये, जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. या एका अज्ञानापायी आयुष्यभराची पुंजी वादात अडकलेली कुटुंबे प्रत्येक तालुक्यात आढळतील.

या दोन्ही अधिकाऱ्यांविषयी गावोगाव एक तक्रार ऐकू येते, की ते भेटत नाहीत. तक्रार खोटी नाही, पण तिचे कारणही पाहावे. एकेका तलाठ्याच्या सजात अनेक गावे असतात. लहान गावांच्या गट-ग्रामपंचायती असतात. शिवाय तालुक्याच्या बैठका, पंचनामे, निवडणुकीची कामे ही निराळीच. म्हणून कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणत्या गावी अधिकारी हजर राहील, एवढी एक ओळ कचेरीच्या दारावर ठळकपणे लिहिली आणि ती पाळली, तर लोकांच्या निम्म्या खेपा वाचतील. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरवून दिली आहे, मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या हक्काचा उपयोग भांडणासाठी करण्याची वेळ क्वचितच येते. अर्जाची पोच मागणे एवढेच बहुधा पुरेसे ठरते. नव्या रहिवाशाने कोणताही अर्ज पोच घेतल्यावाचून देऊ नये, असे माझे निक्षून सांगणे आहे.

मतदारयादीतील नावाचे महत्त्वही येथेच सांगितले पाहिजे. गावच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत तेच ग्रामसभेचे सदस्य, असा कायदा आहे. म्हणजे जुन्या काळच्या उपऱ्याला जो अधिकार कोणत्याही उपायाने मिळत नव्हता, तो आज एका अर्जाने मिळतो. पत्ता बदलल्याचा नमुना ८ चा अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा गावातल्याच शिक्षकाकडे किंवा अंगणवाडी सेविकेकडे, द्यावा लागतो. (आकड्यांचा गोंधळ येथेही आहे, हा आठ निवडणूक खात्याचा.) ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तिच्या रूढ तारखा आहेत, आणि तिच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याचे बंधन आहे. नव्या सुनेने त्या महिला सभेस जावे असे वाटत असेल, तर आधी तिचे नाव माहेरच्या यादीतून सासरच्या यादीत आले पाहिजे. तसेच माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणून ते सासरच्या पत्रिकेत चढविले पाहिजे, आणि विवाहाची नोंद झाली पाहिजे. ही तीन कामे लग्नानंतर वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि ती रेंगाळल्याचे दुष्परिणाम स्त्रीला अशा वेळी जाणवतात की जेव्हा तिच्यावर आधीच संकट कोसळलेले असते.

पाण्याविषयी प्रत्येक गावचा शिरस्ता वेगळा. कोठे नळाला एक दिवसाआड पाणी, कोठे उन्हाळ्यात टँकर, कोकणात वाडीवाडीची निराळी विहीर आणि निराळी पंप-व्यवस्था. प्रत्यक्ष पाणी सोडणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी हाच या बाबतीत सरपंचापेक्षा महत्त्वाचा मनुष्य, आणि त्याचे नाव व फिरण्याची वेळ नव्या घरास पहिल्या दिवशी कळावयास हवी. पाण्याच्या शुद्धतेविषयी मात्र लोक फारच कमी विचारतात. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमलेला असतो, पाण्यात टीसीएल पावडर घालणे व नमुने तपासणीस पाठविणे हे त्याचे काम. आणि आरोग्य खात्याकडून गावच्या पाणीपुरवठ्याची पाहणी होऊन ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हा प्रश्न लहान मूल घरी असलेल्या प्रत्येक नवागताने विचारावा. विजेबाबत एवढेच: तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे, गावच्या वायरमनचा क्रमांक शेजाऱ्याकडे असतो, आणि डीपीतला फ्यूज स्वतः बसविण्याचा प्रयत्न कोणीही, कितीही अंधार झाला तरी, करू नये. या कामात पावसाळ्यात जीव गेल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत.

आरोग्याचा विषय यांहून गंभीर आहे, कारण तेथे माहिती उशिरा मिळण्याची किंमत रुपयांत मोजता येत नाही. शासकीय मानकाप्रमाणे सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र, तर अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावयास हवे. त्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय. सुमारे हजार लोकसंख्येमागे एक आशा कार्यकर्ती असते, आणि गावात राहणारी, गावची भाषा बोलणारी, कोणत्या घरी गरोदर बाई आहे व कोणाला क्षयाची औषधे चालू आहेत हे जाणणारी तीच एक व्यक्ती असल्यामुळे, नव्या कुटुंबाने पहिली ओळख कोणाशी करून घ्यावी असे मला कोणी विचारले, तर मी आशाताईंचे नाव घेईन. २००५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानाने खेड्याला जे दिले त्यात या स्त्रियांइतके मोलाचे दुसरे काही नाही, असे माझे मत आहे, आणि त्यांच्या मानधनाचा प्रश्न अद्याप समाधानकारकपणे सुटू नये याचे वाईट वाटते.

शहरातून आलेल्याला सर्पदंशाची भीती असते, परंतु ज्ञान नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप, आणि या चारही विषांवर चालणारी एकच प्रतिविष लस असते. तेव्हा साप मारून दवाखान्यात नेण्याची किंवा तो कोणता होता याचा वाद घालण्याची गरज नाही. मण्यार रात्री अंथरुणात शिरून चावते, तिच्या दंशाची आग होत नाही, सूज येत नाही. माणसाला पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि घरचे लोक त्याला अपचन समजतात. चिरणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत जो वेळ जातो तोच प्राणघातक ठरतो. म्हणून प्रतिविष लस आपल्या गावाला जवळ अशा कोणत्या दवाखान्यात आहे, तेथे रात्री डॉक्टर असतात की नाही, आणि नसल्यास पुढचे ठिकाण कोणते, हे आधीच विचारून ठेवावे. दंशानंतर विचारणे म्हणजे उशीर करणे होय.

विंचवाच्या बाबतीत तर कोकणाने जगाला शिकविले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा तांबड्या विंचवाच्या दंशाने गंभीर झालेले रुग्ण मोठ्या संख्येने दगावत. ते प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून प्राझोसिन या औषधाच्या वापराने सुमारे एक टक्क्यावर आले, आणि आडगावच्या दवाखान्यात झालेले हे संशोधन ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात पोचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन असे, की खेड्यातला सरकारी दवाखाना म्हणजे काहीतरी कमी प्रतीची वस्तू, ही शहरी समजूत नव्या रहिवाशाने आल्याबरोबर टाकून द्यावी. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर रुग्णाला शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या वाटेवर दोन तास घालविण्यापेक्षा जवळच्या आरोग्य केंद्रात नेणे अधिक हिताचे. कुत्रे चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. १०८ क्रमांकाची डॉक्टरसह येणारी रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गरोदर माता व तान्ह्या बाळासाठी १०२. परंतु रुग्णवाहिकेला पत्ता सांगता आला पाहिजे. कोकणातल्या एकाच नावाच्या गावात पाच-सहा वाड्या डोंगराच्या निरनिराळ्या अंगांना पसरलेल्या असतात, घरांना क्रमांक असून नसल्यासारखे असतात. अशा ठिकाणी मुख्य रस्त्यावरचे थांब्याचे नाव, वाडीचे नाव आणि जवळचे देऊळ किंवा शाळा, हा त्रिविध पत्ता घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, तोंडपाठ हवा.

गुराढोरांसाठी १९६२ या क्रमांकावर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना मिळतो. बिबट्या, रानडुकरे किंवा जखमी वन्यप्राणी यांविषयी वनखात्याचा १९२६ आहे. पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२. गावात मात्र कायदा व सुव्यवस्थेची पहिली पायरी म्हणजे पोलीस पाटील, ज्याची नेमणूक १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली होते. भाड्याने राहावयास आलेल्या माणसाने स्वतः होऊन त्याच्याकडे आपली इतल्ला द्यावी. त्यामुळे संशयाला जागा राहत नाही, आणि अडीअडचणीला गावातला एक जबाबदार मनुष्य आपल्याला नावाने ओळखतो.

शाळा आणि रेशन यांविषयी लिहिताना माझ्यासमोर निवृत्त गृहस्थ नसून वीटभट्टीवरचे कुटुंब आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मुलाला त्याच्या वयास अनुरूप इयत्तेत प्रवेश द्यावा लागतो, आणि आधीच्या शाळेचा दाखला नाही किंवा तो येण्यास उशीर झाला, या कारणासाठी प्रवेश नाकारता किंवा लांबविता येत नाही. अंगणवाडीत सहा वर्षांखालच्या मुलास, गरोदर व स्तनदा मातेस आहार व लसीकरण मिळते, आणि ते कुटुंब गावचे मूळचे असण्याची अट नाही. शिधापत्रिका दुसऱ्या जिल्ह्यातली, किंबहुना दुसऱ्या राज्यातली असली तरी आधार-पडताळणीवर कोणत्याही रास्तभाव दुकानात धान्य उचलता येते; ही सोय देशभर लागू झाली आहे. हे तीनही हक्क अस्तित्वात आहेत आणि ज्यांच्यासाठी ते निर्माण झाले त्यांच्या ते गावीही नाहीत. भट्टीमालक किंवा मुकादम जे सांगेल तेवढेच त्यांना कळते. आणि भट्टीपासून शाळा हाकेच्या अंतरावर असताना सात-आठ वर्षांची मुले दिवसभर विटा पालथ्या घालीत असतात, हे दृश्य पाहिले म्हणजे माहितीच्या अभावाला किरकोळ गैरसोय म्हणण्याचे धार्ष्ट्य होत नाही.

दळणवळण, टपाल आणि पैसा यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण या गोष्टी नवागत लवकर शिकतो. एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर प्रथम धावली; आजही आडगावी रात्री येऊन पहाटे सुटणारी मुक्कामी गाडी तालुक्याच्या दवाखान्याला, कचेरीला आणि कॉलेजला जाणाऱ्यांचा मुख्य आधार असते, आणि तिच्यानंतर दुपारपर्यंत वडापच्या जीपशिवाय काही नसते. शाखा डाकघरात आता बँकेचेही व्यवहार होतात. ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रात दाखल्यांचे अर्ज भरले जातात. तेथे घेतल्या जाणाऱ्या शुल्काची पावती मागावी.

गवंडी, सुतार, नळजोडणी करणारा, मोटार बांधून देणारा, घरावर आलेले झाड तोडणारा, नारळ पाडणारा, ही माणसे कोणत्याही कचेरीच्या यादीत नसतात आणि त्यांच्यावाचून घर चालत नाही. त्यांच्याविषयी शेजाऱ्याचा शब्द हाच एक दाखला. पण शेजारी ज्याचे नाव सांगतो तो बहुधा शेजाऱ्याच्या भावकीतला किंवा जातीतला असतो, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला तेच काम उत्तम करणाऱ्याचे नाव नवागताच्या कानी येत नाही. बलुत्याची व्यवस्था मोडली तरी माहितीच्या वाटा जुन्याच पांदीतून जातात. म्हणून या कारागिरांची नावेसुद्धा, त्यांच्या संमतीने, सार्वजनिक ठिकाणी लिहिलेली असावीत असे मला वाटते. त्यात नव्या रहिवाशाची सोय आहे आणि वस्तीच्या कडेला राहणाऱ्या कारागिराचा न्याय आहे.

आता प्रश्न असा की हे लिहावे कोणी. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली माहिती कोणी न मागता प्रसिद्ध करावयाची आहे, आणि तिच्यात अधिकारी व कर्मचारी यांची निर्देशिका हे एक कलम आहे. ग्रामपंचायत हे असे प्राधिकरण आहे. पुष्कळ ग्रामपंचायतींच्या भिंतींवर ही माहिती रंगविलेलीही असते. परंतु रंग उडालेला, अधिकाऱ्याची बदली होऊन तीन वर्षे झालेली, आणि यादी केवळ ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांची. वायरमन, आशाताई, तलाठी, लस असलेला दवाखाना, गाडीच्या वेळा तिच्यात नाहीत, कारण ते ‘आमच्याकडचे’ नव्हेत. कायद्याचे पालन होते आणि रहिवाशाला उपयोग होत नाही, याचे कारण प्रत्येक खाते स्वतःपुरते लिहिते.

माझे म्हणणे असे आहे की प्रत्येक ग्रामपंचायतीने सर्व खात्यांची मिळून एका कागदाच्या दोन बाजूंवर मावेल एवढीच माहिती छापावी: कोणत्या कामाला कोण, तो कोठे व कोणत्या वारी भेटतो, त्याचा कचेरीचा क्रमांक कोणता, आणि तो न भेटल्यास त्याच्या वरचा कोण. माणसांची नावे बदलतात म्हणून पदे मोठ्या अक्षरांत आणि नावे लहान अक्षरांत असावीत. वर्षातून दोनदा तो कागद तपासून पाहण्याचे काम गावातल्या बचत गटाकडे द्यावे. मला ही सूचना महत्त्वाची वाटते, कारण बचत गटातल्या बायकांपैकी बहुतेक जणी स्वतःच लग्न होऊन या गावी आलेल्या असतात, आणि नव्याला काय ठाऊक नसते हे त्यांच्याइतके गावात जन्मलेल्या पुरुषांना सांगता येणार नाही. विवाहनोंदणीच्या वेळी, घरपट्टीला नवे नाव चढताना, अंगणवाडीत मुलाचे नाव घालताना हा कागद हाती द्यावा. दूरध्वनीवरच्या गटांतून आज गावच्या बातम्या दवंडीपेक्षा वेगाने फिरतात. पण त्या गटात नवागताला कोणी तरी घ्यावे लागते, आणि टोळीतल्या बाईजवळ बहुधा स्वतःचा दूरध्वनी नसतो. म्हणून कागदच हवा.

ऊस, वीट किंवा खडीच्या कामावर परप्रांतातून येणारी कुटुंबे ज्या गावांत उतरतात, तेथे तो हिंदीत, आणि सीमाभागात कन्नडमध्येही असावा, व अक्षरओळख नसलेल्यांसाठी प्रत्येक कामापुढे चित्र असावे. छपाईचा खर्च ग्रामनिधीला जड होईल इतका नाही. गाळपाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्याच्या तोंडावर येते. त्या सभेत मजकूर वाचून दाखवून मंजूर केला, तर टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहण्याच्या आत आशाताई आणि शाळेचे गुरुजी तो घेऊन तळावर जाऊ शकतात.